विमानांचा फोटो
बाळांनो, मामाचा लष्करी अकादमीच्या दीक्षांत संचलनातला फोटो तुम्ही परवा फोनवर मागितलात. तो का नाही, हे मला आठवतंय तोवर लिहून ठेवते. सत्तरच्या उन्हाळ्यात मी, तुमचे आजोबा आणि बेलापूरहून आलेल्या माझ्या सासूबाई आदल्या दिवशीच नगरहून एसटीने पुण्याला गेलो. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये मी एकच फोटो मुद्दाम राखून ठेवला होता, कारण शेवटी मुलं संथ पावलं टाकत अकादमीच्या मैदानाबाहेर जातात तेव्हाचा माझा मुलगा मला हवा होता. सकाळी ओल्या गवताचा आणि बुटांच्या पॉलिशचा वास येत होता. तो रांगेच्या कडेला होता. तो आमच्यासमोर आला, तेवढ्यात डोक्यावरून तीन जेट विमानं अशी गेली की छाती हादरली. सगळ्यांनी वर पाहिलं, मीही पाहिलं आणि बटण दाबलं. खाली पाहिलं तर त्याची रांग पुढे गेली होती. परतताना सुप्याला चहा पिताना सासूबाई म्हणाल्या, "तू वर बघत हुतीस, अन् पोरानं आपल्याकडं बघितलं की गं. हासला बी." मी विचारलं, "तुम्ही विमानं नाही पाहिलीत?" "इमानं रोज उडत्यात. माझा नातू रोज जातोय व्हय?" आम्ही सगळे हसलो. पुढच्या वर्षी डिसेंबरात तो लढाईत मारला गेला. तो कसा हसला, हे मी सासूबाईंना त्या असेपर्यंत विचारत राहिले, आणि त्या न कंटाळता सांगत राहिल्या. फोटो माझ्या कपाटात आहे. त्यात पांढरं आकाश आहे आणि तीन काळे ठिपके.