शेजारणीच्या जटा
आई माझ्याकडे आयर्लंडमध्ये मलिंगारला आली त्याच आठवड्यात मी शेजारणीला जेवायला बोलावलं. तिने आत येऊन डोक्याचा रुमाल सोडला आणि कमरेपर्यंतच्या जटा मोकळ्या झाल्या. आई बघतच राहिली. आता काही खरं नाही, हे मी ओळखलं.

आईने उभं आयुष्य गावोगावच्या बायकांच्या जटा सोडवण्यात घालवलंय. केसांत गुंता झाला की देवीचं बोलावणं आलं म्हणायचं, या प्रकाराची तिला भयंकर चीड. खेटे घालघालून ती बायकांची समजूत काढायची आणि स्वतःच्या हाताने जट कापायची. मला तिचा अभिमान आहे. पण या गावात माझी हक्काची मैत्रीण ही एकच. मी हॉस्पिटलात ड्यूटीवर असले की लेकीला शाळेतून तीच आणते. आईच्या तोंडामुळे ती तुटली असती, तर मी आईला माफ केलं नसतं.

शेजारीण मूळची जमैकाची, रास्ताफारी पंथाची. ती मांस खात नाही, मीठही नाही, म्हणून मी वरणभाजी अळणी केली होती. आईने सवयीने तिच्या पानात आधी मीठ वाढलं. मी ते काढलं, तशी आई फणकारली, "मिठाचंही भय घातलंय का हिला? विचार, जटा कापू का म्हणून. अजिबात दुखत नाही माझ्या हाताने."

मी गुळमुळीत काहीतरी सांगणार होते, पण आईने बोटांची कात्री करून दाखवलीच. शेजारीण हसली. "ग्रँड, सांगते," म्हणाली; इथे 'बरं'ला ग्रँड म्हणतात. ती बोलत गेली, मी आईला मराठीत सांगत गेले. तिची माणसं म्हणजे आफ्रिकेतून जमैकात गुलाम म्हणून नेलेल्यांची नातवंडं-पतवंडं. इथिओपियात काळा सम्राट गादीवर बसला, तेव्हा जमैकातल्या गरिबांना बायबलातलं भाकीत खरं झालं असं वाटलं. कित्येकांनी त्याला देवच मानलं; त्याच्या आधीच्या नावावरून पंथाचं नाव पडलं. छळणारी सत्ता म्हणजे बॅबिलॉन, आफ्रिका म्हणजे हक्काचं घर, आणि देव प्रत्येकाच्या आत. केसांना वस्तरा लावायचा नाही, हे देवाला दिलेलं वचन.

"आणि कापले तर?" आईने विचारलं. "कोप होईल? घरातलं कोणी मरेल?"

"काही होणार नाही. माझं वचन मोडेल, एवढंच."

आई जेवायची थांबली. तिच्या बायकांपैकी एकीनेही असं उत्तर दिलं नसणार.

आईचं गावाकडचं जटा कापायचं काम मी शेजारणीला थोडक्यात सांगितलं. तिने विचारलं, "तुमच्या बायका रडायच्या?"

"आधी सगळ्याच. नंतर म्हणायच्या, डोकं हलकं झालं."

"माझ्या आजोबांचे केस पोलिसांनी धरून कापले. तेही रडले. त्यांना मात्र कधी हलकं वाटलं नाही."

मी हे आईला सांगितलं. आई थेट शेजारणीकडे वळली आणि माझी वाट न बघता मराठीतच ठणकावून म्हणाली, "त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी तुला विचारलं. तू नाही म्हणालीस. विषय संपला."

शेजारणीला मराठीचा एक शब्द येत नाही. तिने मान डोलावली आणि वरणासाठी वाटी पुढे केली.