बसायचं तर वाल सोला

अख्ख्या रायगड जिल्ह्यात साहेबाचं ऐकायचं नाही असं ठरवूनच नोकरीला लागलेली बाई एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या वाट्याला आली. आरोग्याच्या अभ्यासासाठी गावोगाव बायकांच्या गटचर्चा घेणं हे आमचं काम. ताई प्रश्न विचारायच्या, मी टिपणं काढायची. विचारायच्या म्हणजे काय, एक प्रश्न टाकायचा आणि मोड आलेल्या वालांचं पातेलं मध्ये सरकवायचं. मग सगळ्यांनी बिरड्यासाठी वाल सोलायचे. "मान खाली असली की तोंड उघडतं," हे ताईंचं शास्त्र. रेकॉर्डिंगमध्ये पातेलंच जास्त वाजतं म्हणून मुंबईचे साहेब करवादायचे. "मग येताना प्लास्टिकचं आणा म्हणावं," ताई सांगायच्या.

धरमतरजवळच्या मिठागरावरच्या बायकांना लघवीची जळजळ सारखी का होते, ते शोधायचं होतं. "नीट जेवत नाहीत," असा निकाल पुरुषांनी आधीच देऊन टाकला होता. त्या दिवशी साहेब स्वतः आले आणि सरपंचांनाही त्यांनी शेजारी खुर्ची दिली. झालं, सगळी तोंडं पदराआड गेली. आता कोण कपाळ बोलणार! ताईंनी शांतपणे वालांची ताटली सरपंचांपुढे धरली.

"इथं बसायचं तर वाल सोलायचे."

"मी? बायकांत बसून?"

"साहेबपण सोलतायत की," म्हणत ताईंनी दुसरी ताटली पुढे केली. सरपंच उठले, पाठोपाठ साहेबही. मग बराच वेळ नुसती सालपटं पडत राहिली. शेवटी एक सून मान वर न करता म्हणाली, "दिसभर पानीच नाय पीत आमी. मिठागरावर आडोसा हाय कुठं?"

"व्हय गो," तिची सासू म्हणाली, "मी पन नाय प्यायले कधी."

मला रडू आलं. ताईंनी वालांची दुसरी मूठ उचलली.

सरपंचांची माफी मागा आणि चर्चा त्यांच्यासमोर पुन्हा घ्या, असं साहेबांनी फर्मावलं. ताईंनी नोकरी सोडली, माफी मागितली नाही. सासू-सुनेचं बोलणं मात्र अहवालात राहिलं, कारण ते गाळायला मीही नाही म्हटलं. संगतीचा परिणाम, दुसरं काय!

परवा रोह्याला ताईंच्या घरी गेले, मोड आलेले वाल घेऊनच. कशा आहात, असं काही विचारलं नाही. समोर बसून सोलायला लागले. गावंच्या गावं बोलती करणारी ही बाई कितीतरी वेळ गप्प होती. मग मान खालीच ठेवून म्हणाली, "एकटीला बिरडं फार होतं गो."

मीही मान वर केली नाही.