ज्याला हवं त्याने मागू नये

गांडूळ सर हे नाव त्यांना पोरांनी दिलं, आणि ते असं काही चिकटलं की नवीन आलेले मास्तर त्यांचं खरं आडनाव विचारायलाही संकोचायचे. सर प्राणिशास्त्र शिकवायचे. नावाचा त्यांना कधी राग आला नाही. "साप तर म्हणत नाहीत ना, मग झालं," एवढंच म्हणायचे. काही माणसं घडवताना देव राग घालायचा विसरतो की काय कोण जाणे. मग त्यांच्या वाटचं चिडणं बिचाऱ्या सांगणाऱ्याच्या माथी येतं.

कॉलेज मिशनचं होतं. सकाळी प्रार्थना, मग तास. तिथली जवळजवळ प्रत्येक वस्तू कुणाच्या ना कुणाच्या दानाची. प्रयोगशाळेतले सूक्ष्मदर्शक एका डॉक्टरांच्या विधवेने दिलेले, वाचनालयाचे पंखे माजी विद्यार्थ्यांनी बसवलेले. आणि सगळ्यात मोठं दान लाकूडवाल्या आजींचं. आजींची लाकडाची वखार होती, पोटी लेकरू नव्हतं. जाण्याआधी त्यांनी सगळं कॉलेजच्या नावे करून टाकलं. त्यातून दरवर्षी दहा मुलांची फी निघायची, आणि एका शिक्षकाला भरपगारी एक वर्ष मोकळं मिळायचं, प्रवासखर्चासकट. मनासारखा अभ्यास करावा, पुस्तक पुरं करावं, परत येऊन जास्त चांगलं शिकवावं.

अट एकच होती. आजींनी स्वतःच्या हाताने लिहिलेली: ज्याला हवं त्याने मागू नये, ज्याला दिसतं त्याने सांगावं.

म्हणजे काय, तर प्रार्थनेच्या हॉलच्या दाराशी आठवडाभर एक पेटी ठेवायची. ज्याने त्याने दुसऱ्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, का योग्य वाटतो तेही लिहायचं, आणि सही न करता आत टाकायची. चर्चची तीन वडीलधारी माणसं पेटी उघडणार आणि निवडलेली नावं प्रार्थनेनंतर वाचून दाखवणार. बाकीच्या चिठ्ठ्या गठ्ठा बांधून, लाख लावून कपाटात. कुणी विचारायचं नाही, कुणी सांगायचं नाही. या हाताचं त्या हाताला कळू द्यायचं नाही. ऐकायला किती गोड! पण गोड ऐकणाऱ्यांचं पोट भरलेलं असतं.

सरांना ते वर्ष हवं होतं. हवं म्हणजे किती, तर बायकोपाशी झोपेत बोलण्याइतकं. तरुणपणी त्यांनी कॉलेजच्या मागच्या ओढ्याकाठी गांडुळं गोळा करायला सुरुवात केली होती. खुरपं, डबा आणि गुडघ्यापर्यंत चिखल. प्रत्येक नमुना स्पिरिटच्या बरणीत. अंगावरचा जाड पट्टा कितव्या वलयापासून सुरू होतो ते भिंगाखाली मोजायचं, वहीत टिपायचं, बरणीला चिठ्ठी लावायची. तीनशे बारा बरण्या झाल्या. त्यातल्या दोन जाती कुठल्याच पुस्तकात सापडत नव्हत्या. म्हणजे सरांना सापडत नव्हत्या. खात्री करायची तर दूरच्या मोठ्या संग्रहालयात बरण्या घेऊन जायचं, तिथल्या नमुन्यांशी एकेक ताडून पाहायचं, आणि मग लिहायचं. सुट्टीतल्या पंधरा दिवसांत होण्यासारखं ते काम नव्हतं. वर्ष लागणार होतं.

"अहो, सांगा की त्यांना जाऊन," बायको म्हणायची. तिला गांडुळाची एवढी शिसारी की त्यांचे चिखलाचे कपडे ती काठीने उचलायची, पण बाजू नवऱ्याचीच. "मूल रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही."

"मागायचं नाही, असा नियम आहे."

"मग मी मागते!"

"तू तर अजिबात नाही."

दरवर्षी पेटी यायची. सर खिशातून चष्मा काढून आठ-दहा चिठ्ठ्या लिहायचे. फीसाठी कुणाचं नाव द्यायचं हे त्यांना बरोबर दिसायचं. जी मुलगी दुपारी डबा न उघडता वाचनालयात बसते ती, जो दोन मैल चालत येतो तो. आणि शिक्षकांपैकीही एकाचं नाव. त्यांचा तीस वर्षांचा दोस्त रसायनशास्त्र शिकवायचा. रोज चार वाजता दोघांचा चहा प्रयोगशाळेत, बीकरमध्ये. तो दरवर्षी पाठीवर थाप मारायचा. "यंदा तुझाच नंबर बघ, गांडुळ्या!"

नाव मात्र दुसऱ्याचंच वाचलं जायचं. सर सगळ्यांच्या आधी टाळ्या वाजवायचे आणि घरी येऊन पायऱ्यांवर बसायचे. पहिली काही वर्षं वाटलं, पुढच्या वेळी. मग वाटू लागलं की आपल्या कामातच दम नसावा. तीन शहाणी माणसं वर्षानुवर्षं आपल्या नावाची चिठ्ठी वाचतात आणि बाजूला ठेवतात, त्यांना काही कळत नसेल का? गांडुळांवर कोण वर्ष घालवणार! एकोणिसाव्या वर्षी नाव वाचून झालं तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि दुसऱ्या दिवशी बरण्या रिकाम्या करायला घेतल्या. प्रयोगशाळेतल्या त्या बरण्यांच्या कपाटाची जागा शिपाई मागतच होता. तीन दिवस लागले. चिठ्ठ्या भिजवून सोलल्या, नमुने बागेच्या कोपऱ्यात खड्डा करून पुरले. धुतलेल्या बरण्या घरी नेल्या तर बायकोने उंबऱ्याच्या आत घेतल्या नाहीत. ती त्यांच्याकडे पाहत राहिली आणि पहिल्यांदाच गांडुळांसाठी रडली.

त्यालाही सहा वर्षं झाली. आजींच्या दानाला पंचवीस वर्षं पूर्ण होत आली, तेव्हा प्राचार्यांनी सरांना बोलावलं.

"एक छोटी पुस्तिका काढू या. जुन्या चिठ्ठ्यांमधली चांगली वाक्यं निवडून, नावं गाळून. गठ्ठे उघडायला वडीलधाऱ्यांनी परवानगी दिलीय. दान देणाऱ्यांना कळू दे, इथे माणसं एकमेकांबद्दल काय लिहितात ते. तुमची भाषा चांगली आहे, आणि तुम्हाला वेळही आहे."

वेळ आहे! बरणी रिकामी करणाऱ्याकडे वेळ असतोच.

कपाटाची खोली जिन्याखाली होती. सर सकाळच्या उजेडात खिडकीशी टेबल ओढून बसले. पहिल्या गठ्ठ्याची लाख फोडली आणि प्रामाणिकपणे वाक्यं निवडू लागले. पण माणूस आहे हो, दगड नाही. दुसऱ्या गठ्ठ्यापासून ते स्वतःचं नाव शोधू लागले. रागाने नाही. आपल्याबद्दल कुणी काय लिहिलंय, एवढंच वाचायचं होतं. नाकारलं तर नाकारलं, चार शब्द तरी बरे असतील.

दुसऱ्यात नव्हतं, तिसऱ्यातही नव्हतं. सातव्या गठ्ठ्यापाशी त्यांनी चष्मा पुसला. दहाव्यापाशी ते पुन्हा पहिल्यापासून बघायला लागले, वाटलं पानं चिकटली असतील. स्वतःचं अक्षर जागोजागी भेटत होतं, आपण सुचवलेली मुलं, आपण सुचवलेली माणसं. दोस्ताचं तिरकं अक्षरही प्रत्येक गठ्ठ्यात होतं. त्याने लिहिलं होतं गणितवाल्याबद्दल, इतिहासवाल्या बाईंबद्दल, एकदा तर नुकत्याच लागलेल्या पोराबद्दल. दुपारी तीनच्या सुमारास शेवटचा गठ्ठा संपला. चोवीस वर्षांत गांडूळ सरांच्या नावाची एकही चिठ्ठी नव्हती.

म्हणजे कुणी नाकारलंच नव्हतं. त्यांच्या कामाबद्दल त्या तीन माणसांनी कधी काही ऐकलंच नव्हतं.

चार वाजता दोस्ताने बीकर पुढे केलं. सरांनी घेतलं नाही.

"तू माझं नाव कधी दिलंस का रे?"

दोस्त हसला. "अरे, ते विचारायचं नसतं."

"दिलंस का?"

दोस्ताने बीकर खाली ठेवलं. तो काचेच्या कडेवर बोट फिरवू लागला. "तुझं नाव तर सगळेच देणार रे," तो म्हणाला. "तीनशे बरण्या भरणाऱ्या माणसाचं नाव कोण देणार नाही? म्हणून मी आपलं, ज्याला कुणी वाली नाही त्याचं देत आलो." मग हळूच विचारलं, "का? कुणीच...?"

सरांनी मान हलवली. दोस्ताने स्वतःच्या तोंडात मारून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. "अरे, मी गाढव आहे रे! मी तुझा शत्रू आहे!" सर त्यालाच समजावत बसले. घ्या! ज्याचं जळलं तोच पाणी घेऊन धावतोय.

बातमी दोन दिवसांत सगळ्या स्टाफरूममध्ये पसरली. विचारलं तर जो तो तेच म्हणे: आम्हाला वाटलं, दुसऱ्या कुणीतरी दिलंच असेल. सगळे सज्जन. एकही दुष्ट माणूस त्या कॉलेजात नव्हता, आणि हेच तर दुखणं ना! एखादा दुष्ट असता तर निदान त्याच्यावर राग तरी काढता आला असता.

त्या वर्षी पेटी ठेवली, त्याच्या आधीच सरांनी आपली चिठ्ठी मनात लिहून ठेवली होती. नाव धाकट्या मॅडमचं. त्या सरांच्याच विद्यार्थिनी, आजींच्याच पैशांवर शिकलेल्या, आता सरांच्याच विभागात शिकवत होत्या. विहिरींच्या पाण्यातल्या जंतूंवर त्यांचं काम अर्ध्यात अडकलं होतं, कारण लागणारी यंत्रं दुसऱ्या शहरात. सरांनी चिठ्ठी टाकली. बाकी तीस शिक्षकांनीही वर्षासाठी टाकल्या, आणि त्या तीसही चिठ्ठ्यांवर गांडूळ सरांचं नाव होतं. धाकट्या मॅडमच्या चिठ्ठीवरसुद्धा.

प्रार्थनेनंतर नाव वाचलं गेलं तेव्हा हॉल उठून उभा राहिला. दोस्त तर ढसाढसा रडत होता. बायको मागच्या बाकावर बसली होती, ती काही उठली नाही. तिला एकटीलाच ठाऊक होतं. बरण्या रिकाम्या केल्याचं सरांनी बाहेर कुणाला सांगितलंच नव्हतं. शिपायाने कपाट घेतलं, लोकांना वाटलं सरांनी सामान घरी हलवलं असेल. इथेही सगळ्यांना काहीतरी वाटलंच होतं.

सर पुढे गेले. प्राचार्यांनी हात हातात घेतला. "बोला सर, आता कधी निघताय?"

"माझ्याकडे गांडुळं नाहीत," सर म्हणाले.

सगळा हॉल खदाखदा हसला. गांडूळ सर आणि गांडुळं नाहीत! सर थांबले, हसू ओसरू दिलं, आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. सहा वर्षांपूर्वी पुरून टाकली. वह्या आहेत, पण नमुना दाखवल्याशिवाय नुसत्या वहीवर कुणी विश्वास ठेवत नाही, ठेवूही नये. ओढ्याकाठी पुन्हा खणावं, तर तिथे आता मुलींचं वसतिगृह उभं आहे. "तेही दानातूनच झालंय आणि फार चांगलं झालंय," ते घाईने म्हणाले. "लांबच्या मुलींची सोय झाली. त्या दोन जाती मात्र मला दुसरीकडे कुठे मिळाल्या नाहीत. हे वर्ष धाकट्या मॅडमना द्या. त्यांचं काम अजून जिवंत आहे."

आता कुणी हसत नव्हतं. धाकट्या मॅडम नको नको म्हणत राहिल्या, सरांनी ऐकलं नाही. शेवटी त्या तीन वडीलधाऱ्यांनी एकमेकांकडे पाहून होकार दिला.

घरी जाताना बायको वाटभर दोन पावलं पुढे चालत राहिली. दारात कुलूप काढताना म्हणाली, "एकदा ओरडा तरी हो. माझ्यावर ओरडा." सरांना ओरडता आलं नाही. ते पायऱ्यांवर बसले, आणि तीही, गुडघे दुखत असताना, शेजारी बसली.

धाकट्या मॅडम पुढच्या महिन्यात गेल्या. जाण्याआधी सरांच्या पाया पडल्या, पत्रं पाठवीन म्हणाल्या, आणि पाठवलीही. सोमवारी सूचनाफलकावर नवं वेळापत्रक लागलं. मॅडमचे आठवड्याचे बारा तास सरांच्या नावापुढे लिहिलेले होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना वाटलं होतं, दुसऱ्या कुणीतरी विचारलं असेल.