उतारा ओरडायला लागला तेव्हा

बसा, चहा घ्या, आणि आधी एक शब्द द्या. पोट धरून हसा, पण माझ्या शाळेत कुणाला सांगू नका. मी आठवीला विज्ञान शिकवते हो! मखमलाबादच्या तिठ्यावर मी जो पराक्रम करून ठेवलाय, तो पोरांना कळला तर मला वर्गात उभं राहायची सोय उरणार नाही.

झालं असं, की आमची ओवी, वय आठ महिने, रोज दिवेलागणीला जी भोकाड पसरायला लागली ती थांबेचना. घास तोंडात घेईना. मऊ भात भरवला की तो थेट माझ्या चष्म्यावर! डॉक्टर म्हणाले, "दात येतायत मॅडम, काही नाही."

आता तुम्हीच सांगा, 'काही नाही' ऐकून जगातली कुठली आई शांत झालीय? मी मोबाईलवर शोधत बसले आणि तासाभरात लेकीला चार-पाच असाध्य रोग लावून मोकळी झाले.

आमच्या सासूबाई विंचूरच्या. त्यांनी ओवीकडे एकदाच निरखून बघितलं.

"दात नाय न् बीत नाय. लय भारी नजर लागलीय पोरीला. उतारा टाकावा लागंल."

"आई, असं काही नसतं हो."

"बरं, नसतं. मग रडू दे."

झालं! त्या एका वाक्यात माझी बी.एस्सी., बी.एड. सगळी आडवी. नवरा अंबडला कंपनीत सेकंड शिफ्टला, म्हणजे टिंगल करायलाही घरात कुणी नाही. मी म्हटलं, "सांगा, कसं करायचं?"

भीती एकच होती, कुणी बघायला नको. विशेषतः वरच्या मजल्यावरच्या निकमवहिनींनी. त्यांनी नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधली, तेव्हा मीच त्यांना पार्किंगमध्ये उभं करून ऐकवलं होतं, "वहिनी, लिंबातलं क जीवनसत्त्व असं हवेत वाया नका घालवू!" तेव्हा मी स्वतःला फार भारी समजत होते.

सासूबाईंनी पत्रावळीवर भाकरी ठेवली, तिच्यावर दहीभात, त्यावर कुंकू. ओवीवरून ओवाळलं आणि नियम सांगितले. "तिठ्यावर ठेवायचं न् आल्या पावली माघारी. मागं वळून बघायचं नाय. कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाय. घरात पाय ठेवस्तोर तोंडातून शब्द निघाला, का गेलं सगळं वाया."

"आणि वाया गेलं तर?"

"तर पोरगी रडंल. आजून काय?"

निघाले. पण ओवीला घरी सोडून जायचं, तेही फोनशिवाय? तेवढ्यात तिला काही झालं तर? कुडत्याला खिसा नाही, दोन्ही हातांत पत्रावळ. (बायकांच्या कपड्यांना खिसे न शिवणाऱ्यांवरून आधी काहीतरी ओवाळून टाकायला हवं!) म्हणून फोन ठेवला भाकरीच्या शेजारी. तात्पुरता हं!

तिठ्यावर झेंडूची पाटी घेऊन एक फुलवाली मावशी बसली होती, बाकी सामसूम. मी ओढणी नाकापर्यंत ओढली, पत्रावळ खाली ठेवली, हात जोडले, गर्रकन वळले आणि चालू पडले. मान अशी ताठ, जसा काही मानेला पट्टाच लावलाय.

थोडी पुढे गेले, तोच मागून आवाज, "कॉक कॉक कॉक कॉऽऽक!"

माझ्या फोनची रिंगटोन कोंबडीची आहे. ओवी हसते म्हणून ठेवलेली. आणि माझ्या मनात काय यावं? 'अय्या, अगदी आपल्या फोनसारखी ओरडते ही कोंबडी!'

शपथ सांगते, एवढंच आलं मनात!

मागून फुलवाली मावशी ओरडली, "ओ ताई! ओ ताई! उतारा ओरडतोय तुमचा!"

मला वाटलं, हीच ती हाक! हीच परीक्षा! मी चालण्याचा वेग वाढवला.

आणि समोरून कोण यावं? हातात मेथीची जुडी घेऊन निकमवहिनी! "काय मृणाल, इकडे कुठे?" म्हणून छान हसल्या. मी ओठ घट्ट मिटून त्यांच्या शेजारून सुळ्ळकन निघून गेले.

"अगंबाई! एवढा कसला माज?" हेही मागून ऐकू आलं.

मग मागे गलका वाढला. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. कोंबडी पुन्हा ओरडली. कुणीतरी म्हणालं, "कोंबडी दिसत नाही, नुसता आवाज येतोय!" दुसरं कुणीतरी म्हणालं, "मागे सरका, पेटलाय बघा उतारा, उजेड पडलाय!" मी आपली चालतेय. मनात म्हणतेय, लोक किती अंधश्रद्धाळू असतात नाही!

तेवढ्यात निकमवहिनी धापा टाकत आल्या आणि माझा दंड धरला. "मृणाल, घात झाला गं! तिठ्यावर कुणीतरी ओवीवर करणी केलीय! उताऱ्यात तिचा फोटो आहे, आणि तो चमकतोय!"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझा हात आपोआप नसलेल्या खिशाकडे गेला. फोन! स्क्रीनवर ओवीचाच तर फोटो लावलाय मी!

पण बोलणार कशी? बोलले की उतारा वाया! मी नुसती मान हलवतेय, डोळे मोठे करतेय, हातवारे करतेय.

वहिनींनी छातीवर हात मारला. "अरे देवा! हिची तर वाचाच गेली!"

त्यांनी मला तिठ्याकडे फरफटत न्यायला सुरुवात केली. आता मागे बघायचं नाही ना? मी डोळे गच्च मिटून घेतले.

"डोळे पण मिटले हो हिचे!" वहिनींनी एकच आकांत केला. "धरा, धरा कुणीतरी, पडेल ती!"

तिठ्यावर आवाजावरूनच कळत होतं, पाचपन्नास माणसं तरी जमली असावीत. फुलवाली मावशी सगळ्यांना बजावत होती, "हात नका लावू कुणी! लावंल त्याला लागंल!" आणि आमच्या सोसायटीचे आहेरकाका सांगत होते, "घाबरू नका. मी आत्ताच रामकुंडावरून गंगेचं पाणी भरून आणलंय. अख्खा कॅन ओततो यावर!"

पाणी? माझ्या फोनवर?

अहो, त्यात ओवीचे आठ महिने होते! पहिल्यांदा पालथी पडली ते, पहिल्यांदा खुदकन हसली ते. उद्या करू, परवा करू म्हणत एकाचीही कॉपी करून ठेवली नव्हती मी. माझे डोळे उघडले, तोंडही उघडलं.

"थांबा काका! पाणी नको! माझा फोन आहे तो!"

"वाचा आली!" आहेरकाका गहिवरले. "बघा, गंगेचं पाणी नुसतं दाखवलं तर वाचा आली!"

मी गर्दीत घुसले आणि दह्याने माखलेला फोन उचलला. अख्खी गर्दी मागे सरकली. तेवढ्यात कोंबडी पुन्हा ओरडली. मी दचकले, दह्याचा अंगठा कुठे लागला देव जाणे, फोन उचलला गेला, तोही स्पीकरवर.

"अगं मृणाल, कवाधरनं फोन लावतेय! लिंबू ओट्यावरच ऱ्हायलं बघ! लिंबाबिगर उतारा चालत नाय. ये माघारी, पुन्हा ओवाळू ओवीवरनं!"

आणि मागे ओवीचं खणखणीत भोकाड.

निकमवहिनींनी माझ्याकडे बघितलं. पत्रावळीकडे बघितलं. पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"म्हणजे... हा तूच टाकलास?"

"हो."

"तरीच लिंबू नाही. जीवनसत्त्व वाचवलंस वाटतं!"

रिक्षावाला हसायला लागला, मग फुलवाली मावशी, मग सगळेच. मी दहीभात पुसत, ओढणीत तोंड लपवत घरी आले आणि पाय धुतले. सासूबाईंनी नुसतं लिंबू माझ्यापुढे धरलं.

सकाळी ओवीच्या खालच्या हिरडीतून तांदळाएवढा दात डोकावत होता! रडणं गायब. वाटीभर पेज गट्टम! मी नाचतच सासूबाईंकडे गेले. "बघा आई! दातच होता! डॉक्टर बरोबर म्हणाले होते!"

"मग उतारा टाकल्याबिगर आला का त्यो भायेर?" सासूबाई म्हणाल्या आणि शांतपणे चहा पिऊ लागल्या.

वाटलं, चला, विषय संपला. कुठलं काय! संध्याकाळी पार्किंगमध्ये निकमवहिनींनी मला कोपऱ्यात घेतलं. इकडे तिकडे बघितलं, आवाज खाली आणला.

"मृणाल, तुझ्या उताऱ्याचा लगेच गुण आला म्हणे. माझा भाचाही हल्ली काही खात नाही गं. एवढंच सांग, त्यात मोबाईल साधा चालतो, की टचचाच ठेवावा लागतो?"

आता विज्ञानाच्या बाईंनी इथे काय म्हणायला हवं होतं, ते मला पाठ आहे. पण ओवी कडेवर होती, हसत होती, आणि उगाच कशाला विषाची परीक्षा?

मी म्हटलं, "साधाही चालेल वहिनी. फक्त चार्जिंग फुल्ल हवं."