तिसरा सिक्का

आमच्या घरात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. बी.ए. होऊन हैदराबादहून गावी आलो तेव्हा वडिलांनी पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात ओळखीच्या आणि अनोळखी माणसांना थांबवून थांबवून ते सांगितलं. मलाही त्याचा अभिमान होता, आजही आहे. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्यावं, कारण जे झालं ते त्या अभिमानाच्या भरवशावरच झालं.

नोटा जमवायचा नाद मला वसतिगृहात लागला. चालत्या नोटा जमवायची ऐपत नव्हती, म्हणून मी मेलेल्या जमवायचो. लढाईत जपान्यांनी मलाया, बर्मा घेतला आणि तिथल्या लोकांच्या हाती आपल्याच छापखान्यातल्या नोटा दिल्या. इंग्रज परत आले, तशा त्या सगळ्या कागद झाल्या. शेजारच्या खोलीतल्या मुलाचा भाऊ फौजेत होता. त्याच्याकडून मला मलायाची एक नोट मिळाली, तिच्यावर केळीचा घड होता. मग बर्माची पाचाची मिळाली, दहाची मिळाली. शंभराची मात्र कुणाकडे नव्हती.

ती निघाली आमच्याच गावात, आमच्या गल्लीच्या टोकाला. तिथल्या घरातला धाकटा भाऊ माझ्याच वयाचा. लहानपणी आम्ही बरोबर ढोरं राखली होती. तो फौजेत खेचरांच्या पलटणीत भरती झाला, बर्मात गेला, आणि लढाई संपल्यावर परत आला तेव्हा डाव्या पायाची तीन बोटं नव्हती. सोबत एक कातडी पिशवी आणली होती, तिच्यात गच्च नोटा. मी एकांतात विचारल्यावर त्याने खरं सांगितलं. रंगूनच्या रस्त्यावर पाचोळ्यासारख्या पडल्या होत्या, झाडूवाले लोटत होते, याने भरून घेतल्या.

घरी त्याने यातलं काही सांगितलं नाही. खोटंही बोलला नाही. पिशवी उघडली, मोठ्या भावाने पाहिली, बाकीचं घरानेच ठरवलं.

इथे आमच्या मुलखाची एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे दोन रुपये चालायचे, निजाम सरकारचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. कलदार वजनदार. हाली देऊन कलदार घ्यायचा तर वर काही द्यावं लागे, त्याला बट्टा म्हणत, आणि तो बाजारात चढायचा-उतरायचा. त्यामुळे अनोळखी रुपया समोर आला तर आमचा माणूस खरा की खोटा असं विचारत नसे. बट्टा किती, एवढंच विचारायचा. दोन सिक्के होतेच, हा तिसरा निघाला, असं मोठ्या भावाला वाटलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही.

त्या पिशवीमुळे लंगड्या भावाचं लग्न जुळायला आलं. वाटूरकडचं स्थळ होतं. मुलीचा बाप बेताच्या शेतीचा, पण डोळसपणे विचारणारा. त्याचं म्हणणं साधं होतं : पायाला उणं आहे, चालंल, पण लेकीच्या हातात पाटल्या अन् गळ्यात पुतळ्यांची माळ घाला, लग्नानंतर महिन्याभरात घाला. मोठा भाऊ म्हणाला, घालतो. बाप म्हणाला, कशातून? तेव्हा पिशवी बाहेर आली आणि मला बोलावणं आलं. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा.

मी निघालो तर धाकटा वाटेत, आमच्या गोठ्याशी उभा होता. हातात शंभराची नोट, कोरी करकरीत.

"ही तू ठिव," तो म्हणाला. "तुला पाह्यजे व्हती ना. मी काई खोटं बोलाय सांगून न्हाई राह्यलो. छापलंय तेवढंच वाच."

मी नोट घेतली. घडी पडू नये म्हणून वहीत ठेवली आणि वही काखेत मारून बैठकीला गेलो.

घोंगडीवर पाच-सहा माणसं बसली होती, मध्ये पानाचं तबक, त्यात फोडायची सुपारी. मुलीच्या बापाने दहाची नोट दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. मी मोठ्याने इंग्रजी वाचलं, मग मराठी करून सांगितलं : जपान सरकार वचन देतं की ही नोट आणणाऱ्याला मागताक्षणी दहा रुपये देऊ. शब्द न् शब्द खरा होता. मागे बसलेलं कुणीतरी म्हणालं, सरकारचंच वचन हाये म्हणल्यावर मंग काय. लोक हसले. वडील भिंतीला टेकून बसले होते, त्यांनी मान ताठ केली.

इथे मी गप्प बसलो असतो तर एक वेळ स्वतःला समजावता आलं असतं. पण मुलीच्या बापाने नोट उलटसुलट केली आणि विचारलं, "बराबर. पन बट्टा काय बसंल याचा?"

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला येत नाही असा प्रश्न त्या गावात कुणी मला कधी विचारला नव्हता.

"बट्टा बाजार ठरवतो," मी म्हणालो.

सुपारी फुटली.

लग्नानंतर मोठा भाऊ पिशवी घेऊन जालन्याला सराफाकडे गेला. सराफ मारवाडी, जुन्या ओळखीचा. त्याने आधी पाणी दिलं, नोटा पाहिल्या, मुनिमाला दाखवल्या आणि पिशवीचं तोंड बांधून हळूच परत सरकवली. पोरांना खेळाय द्या, म्हणाला. मोठा भाऊ मुक्कामाला न थांबता परत आला आणि अंगणात धाकट्याला सगळ्यांदेखत विचारलं. धाकटा म्हणाला, "चालतात म्हनून मी कवा म्हनलो?" तेही खरंच होतं. मग जावेने नव्या सुनेशी बोलणं टाकलं, जणू नोटा तिनेच आणल्या होत्या. चांदीच्या बांगड्यासुद्धा नाहीत अन् माळ मागती, असे टोमणे आडावर पाणी भरताना ऐकू यायचे. नवरा दिवसभर शेतात राहायचा, रात्री कुणाशी बोलायचा नाही.

बातमी वाटूरला पोचायला दसरा उजाडला. मुलीचा बाप आला तो लेकीच्या घरी न जाता वेशीतून सरळ माझ्याकडे आला. मी खाट टाकली, तो बसला नाही.

"एकच इचारायला आलो," तो म्हणाला. "तवा तुम्हाला ठावं व्हतं का?"

मी काही बोलण्याआधी त्यानेच पुढे सांगितलं. रात्रभर विचार केला म्हणाला. जावयाने जाणून फसवलं असेल तर पोरीला आज घेऊन जातो, परत पाठवत नाही, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. पण एवढा शिकलेला माणूस, त्यालाच जर कळलं नसेल, तर खेचरं हाकणाऱ्याला काय कळणार? मग त्याचा दोष नाही.

होतं म्हटलं असतं तर मी लबाड ठरलो असतो आणि वडील बाजारात तोंड दाखवू शकले नसते. धाकट्याचा संसार मोडला असता. या दोन्ही गोष्टी मी मोजल्या, आणि संसाराचं नाव पुढे केलं.

"न्हाई," मी म्हणालो. "मला बिलकुल ठाऊक नव्हतं."

त्याचा चेहरा सैल झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "असू द्या. कालेजात तरी काय काय शिकवतील." त्याने माझी समजूत काढली. आयुष्यात कुणी मला अडाणी म्हटलं असेल तर त्याने, आणि इतक्या मायेने.

मला म्हणाला, चला सोबत, तुमच्या तोंडून तिकडंही सांगा. मी गेलो.

मुलगी ओट्यावर बसली होती. बापाला वेशीतून येताना तिने पाहिलं असावं. लुगडी, फणी, माहेरचा तांब्या, सगळं एका गाठोड्यात बांधून ते मांडीवर घेतलं होतं आणि पायात वहाणा घातल्या होत्या. तिला कुणी बांधायला सांगितलं नव्हतं.

"ठिव आत ते," बाप म्हणाला. "जावयाचा दोष न्हाई. हे शिकलेले हायेत, ह्यांनाबी न्हाई कळलं."

तिने बापाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग वहाणा काढून भिंतीशी लावल्या आणि गाठोडं उचलून आत गेली.