शिरपूरच्या दोन जावा आणि फाटलेला मांडा

शिरपूरच्या मांडे स्पर्धेत ‘जिद्द’ या विषयावर बोला, असं आमंत्रण आलं आणि मी लगेच होकार कळवला. जिद्दीवर मी एरवी फुकट बोलतो. इथे निदान जेवण होतं.

जळगावात सकाळी मेहरूण तलावाला फेरी मारली. तिथे ‘तब्येतीसाठी’ चालणारे लोक शेजारचा पुढे गेला की वेग वाढवतात. मग पारोळ्यावरून धुळे, तिथून महामार्गाने नरडाणा ओलांडून शिरपूर. एसटीने चार तास धरा. धुळ्यात शेवभाजी खाणार असाल तर आधी पाण्याची बाटली भरून घ्या.

मुक्काम सिंधूअक्कांकडे. वय साठीपुढे. स्पर्धेत त्यांची धाकटी जाऊ विमल दरवर्षी पहिली, अक्का दरवर्षी दुसऱ्या. म्हणून अक्का वर्षभर रोज पहाटे चुलीवर खापर पालथं घालतात आणि पुरण भरलेली कणीक हातांवर झुलवत कोपरापर्यंत पसरवतात. यंदा विमलबाईंचं मनगट मोडलेलं. अक्कांचा पहिला नंबर पक्का. आणि अक्का स्पर्धेला यायलाच तयार नाहीत!

“ती नही, ते मी कोणले हरावू?”

मी माझं टाळ्यांचं वाक्य काढलं, “अक्का, जिद्दीला प्रतिस्पर्धी लागत नाही.”

“तुले भाषण कराले माणसं लागतस ना, भाऊ?”

तेवढ्यात प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून विमलबाई दारात उभ्या.

“आते ते मी बी नही. तरी भ्या वाटस का, अक्का?”

अक्का तडक उठल्या.

मांडवात त्यांचा मांडा असा पसरत गेला की बायका श्वास रोखून बघत होत्या. समोर बसलेल्या विमलबाईंना राहवलं नाही. “कोर जाडी शे!” अक्कांनी रागाने आणखी एक झोका दिला आणि मांडा टर्रकन फाटला.

पहिला नंबर नुकत्याच लग्न होऊन आलेल्या एका मुलीने नेला. माझं भाषण कुणी ऐकलं नाही, कारण पहिल्याच रांगेत दोघी जावा तिच्या मांड्याची चिरफाड करत होत्या.

“हाऊ मांडा शे का रुमाल?” विमलबाई म्हणाल्या.

“पुढला साल तिले दखाडसूत!” अक्का.

जिद्द म्हणे एकांतात, तपश्चर्येने वाढते. कसली! तिला समोर एक खमकं माणूस लागतं आणि ते पडलं की ती बेशरमपणे दुसरं शोधते. हे कबूल करायला मला घरी येऊन महिना लागला.

काल अक्कांचा फोन आला. विमलबाईंचं प्लास्टर निघालंय, आता दोघी एकाच खापरावर सराव करतात. मागून त्यांच्या यजमानांचा, आबांचा, केविलवाणा आवाज आला, “भाऊ, आते दुप्पट मांडा खाना पडतस!”