खंडेनवमीला लागलेले ड्रायव्हर

मधी कुणी बोलायचं न्हाय, मी सांगतो तसं ऐकायचं. रवळूअण्णाची गोष्ट सांगताना माझं टाळकं अजून तापतंय आणि छाती बी फुगतीय, दोन्ही एकदमच. त्याला मी तरी काय करू?

रवळूअण्णा उचगावचा, लॉरी ड्रायव्हर. अंगानं काटकुळा आणि बोलायला महाकंजूष. दिवसाला धा शब्द बोलला तर त्याची बायको मालुबाई विचारायची, "आज बरं न्हाय व्हय?" बेळगावच्या एका सावकाराच्या लॉरीवर त्यानं पंचवीस वर्षं काढली आणि पंचवीस वर्षांत एकदा बी नवी गाडी हाताला लागली न्हाय. त्यो सावकार गाड्या घ्यायचा त्याच मुळी दुसऱ्यानं वापरून टाकलेल्या. एकीचं दार दोरीनं बांधलेलं, दुसरीला हॉर्नच न्हाय. म्हातारी म्हस सांभाळावी तशा अण्णा त्या गाड्या सांभाळायचा.

मी सत्याप्पा, निपाणीचा. आमच्या सावकाराच्या लॉऱ्या तंबाखू वाहायच्या. एकोणऐंशी साली दोन्ही सावकारांनी हात मिळवले आणि दोन कंपन्यांची एक झाली. पाटी नवी, रंग नवा, आणि दसऱ्याला एक कोरी करकरीत लॉरी येणार! ऑफिसनं सांगितलं, ड्रायव्हरांच्या यादीत ज्याचा पहिला नंबर, चावी त्याची.

झालं! पेटलं की! यादी कुठली? आमची एक, त्यांची एक. दोन्ही मिसळायच्या कशा? बेळगाववाले म्हणाले, एक आमचा, एक तुमचा, असं लावत जाऊ. आम्ही म्हणालो, वा रं वा! म्हणजे तुमचा काल आलेला आमच्या पंधरा वर्षांच्या माणसाच्या डोक्यावर? तारखेवर लावा! ज्याची तारीख आधी, त्यो वर. आणि सगळ्यात मोठ्यानं मीच ओरडत होतो. का? आमच्या रजिस्टरात ड्रायव्हर म्हणून माझी तारीख ऑगस्ट चौपन्न. बेळगावच्या रजिस्टरात सगळ्यात जुना रवळूअण्णा, त्याची ऑक्टोबर चौपन्न. दोन महिन्यांनी मी वर! चावी माझी! माझ्या बायकोला, सोनुबाईला, मी सांगून बी टाकलतं, पहिल्या फेरीला तुला पुढं बसवून सौंदत्तीला देवीच्या दर्शनाला नेतो.

अण्णाचं तसं नव्हतं. त्याला शिमग्याला अठ्ठावन्न भरणार, की नोकरी संपली. पुढची नवी गाडी कवा येणार ते देवाला ठाऊक. आता मिळाली तर मिळाली, न्हायतर जन्मात न्हाय.

मीटिंग ठेवली संकेश्वरला, एका भाताच्या गिरणीच्या अंगणात. का तर ते धड बेळगाव बी न्हाय आणि धड निपाणी बी न्हाय. युनियनचा सेक्रेटरी सिद्राम टेबलावर दोन्ही रजिस्टरं घेऊन बसला. पानं उलटतोय, उलटतोय, आणि एकदम म्हणतो, "आरं, हे काय? बेळगावचे सगळे ड्रायव्हर दसऱ्याच्या आदल्या दिवशीच लागलेत? दर वर्षी?"

मग बाहेर आली बेळगावच्या सावकाराची रीत. माणूस वर्षभर लॉरी हाणायचा, पण ड्रायव्हर म्हणून त्याचं नाव चढायचं ते खंडेनवमीलाच. गाड्या धुवायच्या, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा, मग सावकार आपल्या हातानं नाव लिवणार. त्याच्या आधी लिवणं अशुभ म्हणे! कुणाचे चार महिने गेले, कुणाचे धा. सगळ्यांचंच तसं, मग तक्रार करणार कोण?

"लायसनची तारीख धरा," बेळगाववाले म्हणाले. अण्णाचं लायसन जानेवारी चौपन्नचं.

आमचे लोक उसळले. "लायसन खिशात ठेवून माणूस म्हशी बी राखतो! खंडेनवमीच्या आधी गाडी हाणत होता ह्याला साक्षीदार कोण? निपाणीचा कोण असला तर बोला!"

नावं लिवणारा बेळगावचा म्हातारा सावकार तर कवाच वारलेला, आता गादीवर त्याचा पोरगा. आमच्या बाजूनं टाळ्या पडल्या. मी बी वाजवल्या, आणि वाजवता वाजवता माझे हात थांबले. साक्षीदार होता की. मी होतो!

चौपन्नचाच शिमगा. मी तवा क्लिनर. तंबाखूची बोदं भरून निपाणीला येताना, भर दुपारी, तवंदी घाटाच्या वळणावर आमच्या ड्रायव्हरला चक्कर आली. गाडी कशीबशी थांबली ती दरीच्या काठाला. मागनं बेळगावची लॉरी आली. त्यातनं उतरला रवळूअण्णा, एकटाच. त्यानं आपली गाडी बाजूला लावली, आमची गाडी घाट उतरवून दिली, आणि उन्हातनं चालत परत वर गेला आपली गाडी आणायला. आमच्या ड्रायव्हरची नोकरी जाऊ नये म्हणून कुणाला चकार शब्द सांगितला न्हाय. आमचा त्यो ड्रायव्हर बी पुढं वारला. राहिलो मी एकटा.

मी अण्णाकडं बघितलं. त्यो खाली बघून काडीनं माती उकरत होता. एक मन म्हणतंय, गप बस सत्याप्पा, चावी हातात आलीय. दुसरं म्हणतंय, मर्दा, त्यो नसता तर तू दरीत असतास! आणि वर आणखी हिशेब: त्या खंडेनवमीला बेळगावचे चौघं एकदम लिवलेले, चौघांची लायसनं माझ्या आधीची, त्यात अण्णाचं सगळ्यात आधीचं. एकाचं खरं ठरलं की चौघांचं ठरणार. मी पहिल्याचा पाचवा!

सिद्राम पेन उघडून म्हणतोय, "तर मग पहिला नंबर, सत्याप्पा..."

"थांब!" मी असा ओरडलो की गिरणीतली कबुतरं उडाली. "खोडून टाक! चौपन्नच्या शिमग्याला बेळगावची गाडी ह्या माणसाच्या हातात होती. मी बघितलंय, ह्या डोळ्यांनी!" आणि घाटातलं सगळं सांगितलं.

मग काय दंगा! बेळगाववाल्यांनी टोप्या उडवल्या, मला उचललं, पाडलं, परत उचललं. आमचे लोक दात खाऊन बघत होते. पुढं महिनाभर निपाणीत मला कुणी चहा विचारला न्हाय. सोनुबाई तेवढी म्हणाली, "सौंदत्तीला बसनं जाऊ. पाचव्या नंबरवाल्याला देवी काय हाकलून लावतीय?"

खंडेनवमीला नवी लॉरी आली. अण्णानं चावी घेतली आणि गाडीभोवती फिरतच राहिला. दारावरनं हात फिरवतोय, आरशात बघतोय, वर काय चढंना. मला ऱ्हावलं न्हाय. मी विचारलं, "अण्णा, साक्षीदार मी हाय हे तुला ठाऊक होतं. भर मीटिंगमधी माझं नाव का घेतलं न्हाईस?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. "घेतलं असतं तर घाटातल्या कामाची मजुरी मागितल्यागत झालं असतं, सत्या. तसं मागून घेतलेल्या गाडीत मी बसलो नसतो."

एवढं बोलून त्यो चढला आणि त्यानं गाडी चालू केली. माझ्या डोळ्यातनं घळाघळा पाणी, आणि मी भर रस्त्यात मागं धावत ओरडतोय, "जाऊ दे अण्णा, जाऊ दे!"